पेझलीचा तो चेहरा

"जगात दोनच जातींची माणसं असतात," टॅमरा नवऱ्याला म्हणाली. "एक, ज्यांच्याकडे जग बघतं. आणि दुसरी, जी नुसती बघत बसतात. आपली पेझली पहिल्या जातीची आहे. लिहून ठेव लायल, इतिहास या मुलीची दखल घेणार!"

इतिहासाने जिची दखल घ्यायची होती ती मुलगी त्या क्षणी जेवणाच्या टेबलाखाली बसून आपल्या ताटातली ब्रोकोली कुत्र्याला चारत होती. कुत्रा ती खात नव्हता, पण नाही म्हणायचा संकोच वाटून तोंडात धरून बसला होता.

लायल प्रुइटला कुत्र्याचं दुःख समजत होतं. तो स्वतः दुसऱ्या जातीतला. टेक्सासच्या त्या गावात ज्याच्या परसात पोहण्याचा तलाव नाही तो गरीब, आणि ज्याच्या तलावाचा पंप बिघडलेला नाही तो भाग्यवान समजला जातो. लायल असे पंप विकायचा. तीन वर्षांपूर्वी पेझलीने हिरवळीवर एक कोलांटी मारली आणि त्याने सहज फोन वर धरला. तेव्हापासून तो हात खाली आलेला नव्हता. आता त्याच्या छातीवर 'चिअरवालीचा बाप: मी फक्त बॅगा उचलतो' असं छापलेला सदरा असे. तो सदरा टॅमराने दिला होता, आणि त्यात विनोद आहे असं तिला वाटत नव्हतं.

पेझली नऊ वर्षांची. तिच्या हसण्यांना नंबर होते. एक नंबरचं हसू शाळेसाठी, तीन नंबरचं आश्चर्याचं, सात नंबरचं जरा लाजरं, जाहिरातींसाठी राखून ठेवलेलं. लायलला एकदा वाटलं होतं की नंबर नसलेलंही एखादं असेल. त्याने ते शोधलं, पण दर वेळी फोन मधे आला.

पेझली चिअरलीडिंगच्या उड्या-कसरती शिकायची त्या मिस डोरिंडाच्या जिममध्ये फुलाचा दिवस म्हणजे दिवाळी आणि दहावीचा निकाल एकत्र. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलीला एक बंद खोकं मिळतं. आत डोक्यावर बांधायचं रिबिनीचं फूल, डोक्याहून मोठं. सोनेरी निघालं तर पहिला संघ, जो विमानाने राज्याराज्यांत फिरतो. रुपेरी निघालं तर दुसरा, जो शेजारच्या गावापर्यंत जातो आणि जेवायला घरी येतो. खोकं सगळ्या घरांत एकाच वेळी, संध्याकाळी सहाला उघडायचं, आणि तेही कॅमेऱ्यासमोर. कॅमेऱ्याशिवाय उघडलं तर आत काही असतं की नाही हे सांगता येणार नाही, कारण तसं आजवर कुणी उघडलेलंच नाही.

त्या दिवशी टॅमराने दुपारपासूनच दोन्ही निकालांची तालीम घेतली.

"सोनेरी निघालं तर?"

"दोन्ही हात तोंडावर, मग उडी, मग तुला मिठी," पेझली म्हणाली.

"आणि रुपेरी?"

"धैर्य."

"कसं धैर्य?"

"डोळ्यात पाणी, हनुवटी वर. आणि बिस्किटची आठवण काढायची." बिस्किट हा तिचा वारलेला हॅमस्टर. "पण ममा, बिस्किटसाठी मी खूप वेळा रडले. आता संपलंय ते."

"मग आजीचा गुडघा आठव!"

मधल्या वेळेत गुलाबी लिंबूसरबताचा कार्यक्रम होता. एका सरबतवाल्याने खोकीच्या खोकी फुकट पाठवली होती आणि पेझलीने ते पिऊन 'आहा' म्हणायचं होतं. आहा पहिल्यांदाच झकास झालं, पण बाटलीवरचं नाव उलट्या बाजूला गेलं. दुसऱ्यांदा नाव दिसलं, पण कुत्रा शिंकला. मग चौकटीत लायलचा अंगठा आला. पेझली घटाघट पीत होती, आहा म्हणत होती. तिने मधे काहीतरी विचारलं, तर टॅमरा म्हणाली, "आता नाही हं सोन्या! हा पोशाख पाठीमागून बांधायला मला किती वेळ लागला माहितीये? आणि केस हलता कामा नयेत. थोडा दम धर."

सहा वाजले. जगाला थेट दाखवायचं होतं, त्यामुळे चुकलं तर पुन्हा नाही. लायलने फोन धरला. पेझलीने झाकण उघडलं. आत सोनेरी फूल झळाळत होतं.

आणि पेझलीने तो चेहरा केला.

तो कोणत्याच नंबरचा नव्हता. डोळे मोठे झाले, ओठ आत ओढले गेले, भुवया एकमेकींना भेटायला निघाल्या, नजर छताकडे गेली आणि तिथेच खिळली. मग तिने फुलाकडे पाठ फिरवली आणि चौकटीतून बाहेर धूम ठोकली.

चौकटीत उरलं खोकं. कुत्रा आला, त्याने फूल हुंगलं आणि निघून गेला.

"बंद करू का?" लायल कुजबुजला.

"खबरदार! जग बघतंय!" टॅमराही कुजबुजली.

जग खरोखरच बघत होतं. पेझली परत आली तेव्हा आईबाप फोनमध्ये डोकी घालून बसले होते. ती कुठे गेली होती हे कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिने पाठीमागच्या गाठी सुटलेला पोशाख तसाच अंगावर ठेवून दाण्याच्या लोण्याचं सँडविच खाल्लं.

सकाळपर्यंत तो चेहरा देशभर फिरला होता. एकजण लिहीत होता, आनंद इतका झाला की चेहऱ्यात मावला नाही. दुसरी लिहीत होती, ही मुलगी मदत मागतेय, कुणीतरी सोडवा हिला. ओहायोतल्या एका भावनातज्ज्ञाने तिच्या भुवयांना बाण काढून सिद्ध केलं की हे बंड आहे. गावातल्या चर्चच्या पाद्रीबाबांनी बुधवारच्या प्रवचनात सांगितलं की स्वर्गाचं दार उघडेल तेव्हा आपले चेहरे असेच होतील. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी तसा चेहरा करून पाहिला.

टॅमरा हवेत होती. लायल मात्र ती वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत होता. 'सोडवा हिला' हे वाक्य त्याच्या डोक्यात पंपासारखं घरघरत होतं. ज्याने सोडवायचं तो बाप आपणच, आणि बांधलंय तेही आपणच, हे त्याला साधारण कळत होतं. पण खरंच बांधलंय का, ते कळत नव्हतं.

त्यातच मिस डोरिंडाचा फोन आला.

"लायल, मला मुलगी हवी, कोडं नको," ती म्हणाली. "या पोरीला आम्ही वर फेकतो. खाली चौघी हात पसरून उभ्या असतात. वरचीचं मन खाली राहिलं ना, तर उरलेलीही खालीच येते. सोनेरी फुलाकडे पाठ फिरवून पळालेली पोर मी आजवर पाहिली नाही. तिला यायचंय की नाही ते शनिवारी दुपारी बाराच्या आत मला सांगा. पुढच्या नंबरच्या मुलीची आई केक घेऊन माझ्या दारात बसलीय."

"मी विचारतो तिला."

"तुम्ही विचारा हं. टॅमराने नको. टॅमराने विचारलं की उत्तरामागे संगीत ऐकू येतं."

लायलने पेझलीला परसातल्या झोपाळ्यावर गाठलं.

"बाळा, तुला पहिल्या संघात जायचंय?"

पेझलीने त्याच्या हातांकडे पाहिलं. "कॅमेरा चालू आहे?"

"नाही."

"मग तू का विचारतोयस?"

"मला जाणून घ्यायचंय म्हणून."

तिला हे नवीन होतं. तिने जरा विचार केला आणि सौजन्याने म्हणाली, "तुला कुठलं उत्तर हवंय? मी दोन्ही देऊ शकते."

"खरं हवंय. फूल पाहिलंस तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

"कधी?"

"त्या दिवशी. खोकं उघडल्यावर."

"आठवत नाही डॅडी. खूप दिवस झाले." एका नऊ वर्षांच्या मुलीला चार दिवसांपूर्वीचं काय काय आठवणार!

"बरं. तुला वर फेकतात तेव्हा कसं वाटतं?"

"वरून मिस डोरिंडाच्या कपाटावरचं दिसतं. तिथे एक बूट आहे. एकच."

"आणि ते आवडतं तुला?"

"बूट?"

लायलने झोपाळ्याला एक झोका दिला. झोपाळा कुरकुरत राहिला. आपण मुलीला हसायचे सात प्रकार शिकवले आणि हो म्हणायचा एकही शिकवला नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. पण ते नीट जुळेना, म्हणून त्याने सोडून दिलं.

शनिवारी सकाळी निराळंच प्रकरण उभं राहिलं. रिबिनी विकणाऱ्या एका कंपनीला तो चेहरा आपल्या खोक्यांवर छापायचा होता. फक्त जरा स्वच्छ उजेडात, पुन्हा एकदा.

"कर ना सोन्या, तो चेहरा," टॅमरा म्हणाली.

पेझलीने तीन नंबर केला. मग पाच. मग तीन आणि पाच एकत्र.

"हा नाही गं. तो!"

"तो कुठला? तो मला दिसला नव्हता ममा, मी त्याच्या मागे होते."

टॅमरा हार मानणारी नव्हती. तिने सगळं त्या दिवसासारखं मांडलं. तोच पाठीमागून बांधायचा पोशाख, तेच घट्ट ओढलेले केस, तेच खोकं, तोच दिवा. कुत्र्यालाही त्याच जागी बसवलं. "आणि सरबत! त्या दिवशी सरबत पीत होती ती! काही सोडायचं नाही!" पेझली घटाघट प्यायली, आहा म्हणाली, खोकं उघडलं, पाहिलं, आणि शाळेतला एक नंबर केला. पुन्हा सरबत, पुन्हा खोकं. घड्याळाचे काटे बाराकडे सरकले तशी लायलने गाडीची किल्ली उचलली. मधे पेझलीने काहीतरी विचारलं. टॅमरा म्हणाली, "आता नाही हं, उशीर झालाय!"

गाडीत पुढे नवरा-बायको, मागे पेझली. डोक्यावर सोनेरी फूल, ते छताला टेकलेलं.

"तू जाऊन हो सांगायचं. बस्स," टॅमरा म्हणाली.

"तिचं हो असेल तर सांगीन."

"तो चेहरा 'हो'चाच होता! अख्खा देश म्हणतोय!"

"अर्धा देश. उरलेला अर्धा म्हणतो सोडवा हिला."

"त्या अर्ध्यांना मुली नाहीत!"

"टॅमरा," लायल म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच त्याचा आवाज स्वतःहून वर चढला, "आपण या मुलीचं मन सगळ्या जगाला दाखवलं आणि आपण ते पाहिलंच नाही! आजपासून फोन खाली! मला हिचा एक खरा चेहरा हवाय, मग त्याला जगात कुणी विचारो वा न विचारो! हीच माझी... हेच माझं..." शब्द शोधण्यासाठी त्याने वर आरशात पाहिलं आणि तो थिजला.

आरशात तो चेहरा होता.

डोळे मोठे. ओठ आत. भुवया एकमेकींच्या भेटीला. नजर गाडीच्या छताला खिळलेली.

"टॅमरा," तो कुजबुजला. "मागे बघ. हळू."

टॅमराने वळून पाहिलं आणि तिचा हात आपोआप फोनकडे गेला. खेदाची गोष्ट अशी की लायलचाही गेला. दोघांचे हात मधल्या खणात एकमेकांवर आपटले आणि फोन सीटखाली पडला.

"पेझली," लायल म्हणाला. "बाळा, घाबरू नकोस. कॅमेरा नाही. हाच चेहरा केला होतास तू त्या दिवशी. सांग मला, आत्ता तुझ्या मनात काय आहे? काहीही असू दे, डॅडी ऐकणार. संघात जायचं नसेल तर नाही म्हण, मी आत्ता गाडी वळवतो."

पेझलीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू काही तोच नऊ वर्षांचा होता.

"जायचंय मला, डॅडी. पहिल्यापासूनच जायचंय. तो दुसरा बूट कुठे आहे ते बघायचंय," ती दात आवळून म्हणाली. "पण आधी पुढच्या पंपावर थांबव ना, मला केव्हाची शू लागलीय."