बातमीखालचं नाव

भिकू रोह्याच्या एका कारखान्यात टाकीवरून पडून मेला आणि लगेच पेपरात छापून आलं, 'दारूच्या नशेत कंत्राटी कामगाराचा मृत्यू.' गडबच्या नाक्यावर चहा पिता पिता लोकांनी ते वाचलं. वाडीतल्या शाळकरी किमयाने ते भिकूच्या आईला, पारीला, वाचून दाखवलं.

म्हणून पेणचा वार्ताहर प्रदीप वाडीत आला, तेव्हा पारीने त्याला बस म्हटलं नाही.

"मावशी, ती बातमी मीच दिली होती," तो उभ्यानेच म्हणाला. "कंपनीने मोबाइलवर मजकूर पाठवला, तो मी तसाच पुढे धाडला. आता खरं लिहायचंय."

"त्याच्या तोंडाचा वास घेतला व्हतास तू?"

प्रदीपने मान हलवली. नाही.

"शिमग्याला पीत व्हता माझा पोर. मी खोटं कशाला बोलू? पन त्या दिशी काय झालं ते तुला सांगनार नाय."

"सांगू नको गो," शेजारची बायजा कुडाआडून ओरडली. "यांचा पेपर सुक्या मासळीच्या पुड्यालाच बरा!"

पारीने पेपर त्याच्यापुढे धरला. "माझ्या पोराचं नाव हाय, बापाचं हाय, वाडीचं हाय. तुझं कुठं हाय?"

बातमीखाली नुसतं 'वार्ताहर' होतं.

"आम्ही नाव घालत नाही, मावशी."

"मग मी पन नाव नसलेल्या मानसाशी बोलत नाय."

प्रदीपने तिथेच संपादकांना फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "वेडा झालास का? नाव घातलंस की कंपनीची जाहिरात जाईल आणि तूही जाशील."

"मग मी जातो, साहेब. पण बातमी माझ्या नावाने छापा. चूक माझी होती, तेही त्यातच लिहितो. तुम्ही नाही छापलीत, तर दुसरा पेपर बघतो."

त्याने फोन ठेवला. पारीने त्याच्यापुढे पाट सरकवला.

"लिव. वर चढताना त्याने कंबरेला बांधायचा पट्टा मागितला व्हता. मुकादम बोलला, पट्टा आला नाय, चढ गुमान."

"ऐकलं कोणी?"

जनू दाराशी बसला होता. टाकीवर भिकूबरोबर तोच होता आणि उद्या त्याच मुकादमाच्या हाताखाली त्याची शिफ्ट होती. तो उठून उभा राहिला.

"मी ऐकलं. माझं बी नाव लिव. पुरं लिव."