एकसष्टावं लेकरू

आमच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं हाय. हसू नका, येऊन बघा. बाप एक जूनचा, लेक एक जूनची, शेजारचा म्हातारा बी एक जूनचाच. आई सांगती, "ज्वारी काढणीला आली व्हती तवा झालं बघा हे." आता ज्वारीची तारीख कोणत्या रकान्यात लिहायची? मंग गुरुजी एक जून लिहितो, साल अंदाजानं टाकतो आन् मोकळा होतो. मी बी लिहिल्यात. चाळीसेक लेकरांचे वाढदिवस मी बसल्या जागी ठरवून टाकले आन् त्यापायी मला कधी तकलीफ झाली न्हाई. एका रागिणीचा सोडून.

मी रवींद्र. वारंगा फाट्यापासून सात किलोमीटर आत जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा हाय, तिथं गुरुजी. चित्रकला माझा विषय न्हाई. माझा विषय कोणता ते मलाच ध्यानात राहत न्हाई. मतदार यादी, सर्वेक्षण, खिचडीचा तांदूळ यातून वेळ उरला तर गणित शिकवतो. पण शनिवारी लेकरांना रंग देऊन बसवायचं हा नाद मला पहिल्यापासून. हेडमास्तर म्हणतेत, "सर, रंगानं पोट भरतं का?" मी म्हणतो, "तुमच्या माहितीच्या तक्त्यानं भरतं का?" मंग ते गप चहा मागवतेत.

रागिणी मसाजीची पोरगी, आठवीला. मसाजीची सव्वाशे मेंढरं. दिवाळी झाली की नवरा-बायको मेंढरं घेऊन निघतेत ते पावसाळ्यालाच परत येतेत. पोरगी चुलतीकडं राहून शिकती. बोलणं कमी. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक आलं, खेड्यातल्या लेकरांची चित्रं पाठवा म्हणून. रागिणीनं काढलं काय, तर टेकडीवरून खाली दिसणारी मेंढरं. नुसत्या पाठी. दर पाठीवर ज्याच्या त्याच्या मालकाच्या खुणेचा रंग, कुणाचा लाल, कुणाचा निळा, आन् समदी मिळून अशी नक्षी झालेली की मी कागद चारी बाजूंनी फिरवून बघितला. म्हणलं, "हे कुठं पाहिलंस गं?" म्हणती, "रोजच दिसतंय की सर."

जूनच्या शेवटी पुण्याहून त्या संस्थेच्या अंजली मॅडमचा फोन आला. साऱ्या राज्यातून बारा लेकरं निवडली, त्यात आमची रागिणी. ऑक्टोबरात दहा दिवस डेन्मार्क. खुर्च्या कशा बनवतेत, लोकर कशी विणतेत, घरातल्या साध्या वस्तूला रूप कसं देतेत, ते लेकरांनी तिथल्या कारागिरांसोबत बसून शिकायचं. डेन्मार्क नकाशात शोधायला मला बी दोन मिनिटं लागली, खोटं काहून बोलू. तो देश आपल्या मुठीएवढा हाय. पण त्या दिवशी मी गणित सोडून दिलं आन् समद्या वर्गाला तो देश नकाशात दाखवत बसलो.

अंजली मॅडम भली बाई. म्हणल्या, "सर, ज्या मुलानं रेल्वेसुद्धा पाहिली नाही त्याला विमानात बसवायची तयारी कशी करायची, हे आमच्यापेक्षा तुम्हालाच कळेल. बाराही जणांसाठी नियोजन तुम्हीच लिहा." बस्स. मी पेटलोच. दोनशे पानी वही आणली. थंडीचे कपडे कोणते, आई-बापाचं संमतीपत्र कसं, लेकरू रडलं तर काय करायचं, भाकर मिळाली न्हाई तर काय खायचं, परक्या माणसानं "छान" म्हणलं तर खाली मान न घालता आपल्या चित्राबद्दल चार वाक्यं कशी बोलायची, समदं लिहिलं. वर्गातले बाक एकामागं एक लावून विमान केलं. पट्ट्याच्या जागी शाळेची कंबरपट्टी बांधायची. मी स्वतः पुण्याच्या पुढं गेलेलो न्हाई, आन् "कुर्सी की पेटी बांधिये" म्हणून हिंदीत ओरडत बाकांतून फिरून राहिलो. गाव खिडकीत उभं राहून बघून राहिलं. रागिणी पहिल्या बाकावर. तिला हसू आवरत नव्हतं, आन् ती हसती हे मला त्या दिवशीच कळलं.

पासपोर्टसाठी म्हणून मी तिचा शाळेचा दाखला पुण्याला पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन. "सर, दौरा तेरा वर्षांच्या आतल्या मुलांचा आहे. तुम्ही अर्जात बारा लिहिलंय. दाखल्यावर तर एक जूनला तेरा पूर्ण झालीत."

बारा बी खरं होतं आन् तेरा बी मीच लिहिलेलं होतं. अर्ज भरताना तिचं खरं वय माझ्या डोक्यात होतं. कागदावरचं मीच विसरून गेलो होतो.

आता हे नीट सांगतो. पहिली ते पाचवीला साठ लेकरं असली की दोन गुरुजी. एकसष्ट झाली की तिसरा. तिसरा मी, वयानं लहान, नोकरीनं नवा. रागिणी पहिलीत आली त्या वर्षी पट भरला बराबर साठ. एक लेकरू कमी पडलं की मी अतिरिक्त, मंग जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुठं फेकतील त्याचा भरोसा न्हाई. घरी म्हातारी आई, बायको दिवसांत. मी दोन दिवस दारोदार हिंडलो. शेवटी मसाजीच्या वस्तीवर गेलो. मसाजी मेंढरांमागं गेलेला. त्याची बायको कौशल्याबाई दारात लोकर पिंजत बसलेली, बाजूला ही पोर मातीत रेघोट्या ओढून राहिलेली. म्हणलं, "बाई, हिला किती वर्षं झाली?" ती म्हणली, "शिवरातीला पाच भरले. औंढ्याच्या यात्रेहून परत येताना झाली न सर, मेंढरातच. तिसऱ्या रोजी मी चालत घरला आले." पहिलीला सहा लागायची. मी म्हणलं, "सहाच झाली असतील. पाठवा हिला शाळेत." ती म्हणली, "बरं." मी एक जून लिहिला, साल एक मागं टाकलं, तिचा अंगठा घेतला. पट एकसष्ट झाला. माझी नोकरी जागेवर राहिली आन् त्या पोरीचं नऊ महिन्यांनी वय वाढलं. त्या येळी मला वाटलं, पोरगी तर शाळेत आली, कुणाचं काय बिघडलं?

अंजली मॅडमनं दार लावलं न्हाई. म्हणल्या, "खऱ्या तारखेचा एखादा जुना कागद मिळाला आणि शाळेची नोंद दुरुस्त झाली, तर मी जागा पंधरा दिवस धरून ठेवते."

जन्माची नोंद कुठंच नव्हती. आधार कार्ड बी शाळेच्याच तारखेवरून काढलेलं. पण मला अंगणवाडीच्या धुरपताबाई आठवल्या. म्हातारी आता सुटली नोकरीतून, पण तिच्या काळातली एक वही तिनं फेकली न्हाई. लोखंडी पेटीतून जुनं रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आन् पुढ्यात ठेवलं. मसाजीची मुलगी, चार दिवसांची, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. खाली तारीख, बारा वर्षांमागच्या शिवरात्रीनंतरची. सही, शिक्का. म्हातारी म्हणली, "घेऊन जा सर. लेकरू विमानात बसंल म्हणतेत. माझ्या काट्यावर मोजलेलं लेकरू हाय ते." मी तिच्या पाया पडलो. गाडीवर बसून फाट्यापर्यंत मी एकटाच हसत गेलो, येड्यावानी.

तिथून सरळ पंचायत समितीत. शिक्षण विभागात जळबा बाबू म्हणून हाय, डी.एड.ला माझ्या बाकावर होता. त्यानं रजिस्टर बघितलं, दाखला बघितला, मंग दार लोटून घेतलं.

"रवी, हे जोडलं की तारीख दुरुस्त व्हती," तो म्हणला. "मी स्वतः फाईल हातानं फिरवतो, आठ दिवसांत करून देतो. पण तू इचार कर. तारीख दुरुस्त झाली म्हंजे त्या साली पोरगी पहिलीत बसत न्हवती. म्हंजे पट साठ. मंग तिसरं पद कशावर टिकलं? दाखल कुणी केली? अक्षर कुणाचं हाय?"

मी म्हणलं, "चुकून झालं म्हणून लिहितो."

"लिव की. पण कोणी बी इचारंल, चुकीचा फायदा कुणाला झाला? एकट्या तुलाच झाला. निलंबन तर धरूनच चाल. पुढं काय व्हईल ते मला बी सांगता येत न्हाई." आन् रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. "मी काय पाहिलं न्हाई. तुला द्यायचं तर दे."

मी म्हणलं, सोमवारी देतो. बायकोला काही बोललो न्हाई. सोमवार आला तवा शाळेत तपासणी होती. मंगळवारी म्हणलं, आधी आईचं डोळ्याचं ऑपरेशन होऊन जाऊ द्या. बुधवारी कारणच नव्हतं, तरी गेलो न्हाई. रजिस्टर माझ्या पिशवीत. रोज शाळेत नेतो, रोज घरी आणतो. करावं तसं भरावं म्हणतेत; साफ खोटं हाय. करणारा एक असतो आन् भरणारं दुसरंच लेकरू असतं. मी स्वतःला काय काय शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या न्हाईत. पण शिव्यांनी पाय उचलत न्हाई.

इकडं वर्गात रागिणी ती चार वाक्यं पाठ करून राहिली होती. "माझं नाव रागिणी. ही आमची मेंढरं. प्रत्येकाची खूण वेगळी. वरून बघितलं की समदी एक दिसतेत." दर वेळी "समदी" म्हणायची, आन् मी "सगळी" म्हणून सुधारायचो. दहाव्या दिवशी मी सुधारणं सोडून दिलं.

चौदाव्या दिवशी, रविवारी सकाळी, अंजली मॅडमचा फोन आला. "सर, उद्या पाचपर्यंत तुमचा निरोप हवा. निदान दुरुस्तीचा अर्ज दिल्याची पोच तरी पाठवा, मी थांबते. आणि हो, तुमची नियोजनाची वही बाकी अकरा शाळांना पाठवली. सगळे शिक्षक म्हणतात, असं कुणी लिहिलं नव्हतं." मी "व्हय मॅडम" म्हणलं आन् फोन ठेवला.

दुपारी वस्तीवर गेलो. पिशवी गळ्यात, रजिस्टर पिशवीत. देवाशपथ सांगतो, काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. वाटलं, मसाजी चिडला, बाईनं तळतळाट दिला, तर माझ्याच्यानं राहवणार न्हाई, मी रजिस्टर काढून पुढं ठेवीन. पावसाळ्याचे दिवस, मेंढरं वाड्यात बसलेली, मसाजी एका कोकराचा खूर साफ करून राहिलेला. कौशल्याबाईनं काळ्या-पांढऱ्या लोकरीचं सूत कातून दोन गुंड्या करून ठेवलेल्या. म्हणली, "तिकडल्या लोकायला दाखवंल ती. रिकाम्या हातानं कसं जावं परमुलखात?"

मी बाजेवर बसलो आन् सांगितलं. म्हणलं, "वयात बसत न्हाई. लई खटपट केली. कागदच न्हाई कुठं."

मसाजीचा हात थांबला. तो चिडला न्हाई. त्यानं कोकरू खाली सोडलं, हात धोतराला पुसले आन् म्हणला, "तुमी काय कमी केलं का सर. पंधरा दिस झाले, तोंड केवढंसं झालंय तुमचं. आगं, सरांला च्या टाक."

मला वाटलं, ह्या माणसानं मला एक मुस्काटात मारावी.

रागिणी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रडली न्हाई. तिनं नुसतं विचारलं, "सर, मंग मी किती वर्षांची हाय?"

मी कौशल्याबाईकडं बघितलं. दोन आठवड्यांमागं हीच बाई मला ठासून म्हणली होती, "बाराच. मी पैदा केली न सर, मला ठाव न्हाई व्हय?" ती माझ्याकडंच बघून राहिली होती. मला मनातून वाटलं, बोल बाई आता. तू बोललीस तर मी बी बोलतो.

ती बोलली न्हाई, तवा मी म्हणलं, "तेरा. एक जूनला तेरा पुरी झाली."

कौशल्याबाईनं लोकरीच्या गुंड्या मागं सारल्या. मंग नजर खाली घातली. "मंग माझंच चुकलं असंल," ती हळू म्हणली. "आमी अडाणी मान्सं, मेंढरामागं फिरणारी. साल कुठं ऱ्हातंय ध्यानात? तवा तर अंगात ताप व्हता माझ्या. गुरुजीच्या वहीत तेरा हाय म्हंजे तेराच." आन् ती पोरीकडं वळली. "तेरा ध्यानात ठिव बाई. उंद्या कुणी इचारलं तर बारा म्हणशील, सरांला खाली बघायला लावशील. म्हण, किती?"

माझा हात पिशवीवर होता. तिथंच राहिला.

"तेरा," रागिणी म्हणली.