कसलं औषध

बबडीची आई दवाखान्यात धावत शिरली तेव्हा तिच्या ओढणीवर लेकीची ओकारी वाळायला लागली होती. दोन वर्षांची बबडी खांद्यावर मान टाकून पडलेली, तिच्या लाळेची तार आईच्या मानेवरून आत ओघळत होती. आपल्याच पोटच्या पोरीची लाळ, तरी अंगावर शिसारी येत होती. आणि शिसारी येते म्हणून स्वतःचीही किळस.

मागोमाग सासूबाई, हातात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन. पोरगी औषध प्यायली, असं त्या दिसेल त्याला सांगत सुटल्या होत्या. घरी मिठाचं पाणी पाजून आपणच तिला दोनदा ओकायला लावलं, हेही त्यांनी शाबासकी मिळेल अशा थाटात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता म्हटलं की हे पुन्हा कधी करू नका, ओकारी श्वासनळीत गेली की पोर हातची जाते. सासूबाईंचं तोंड कडू झालं.

डॉक्टरीणबाईंनी बबडीच्या पापण्या उघडून बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बाटलीवरचा कागद वाचला. गुंगीच्या खोकल्याच्या औषधाने बाहुल्या अशाच होतात, पोर अशीच पेंगते, म्हणून त्यांनी सिस्टरला त्यावरचं इंजेक्शन काढायला सांगितलं. मग छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आत बुडबुड चालली होती. बबडीचे केस घामाने टाळूला चिकटलेले. लंगोट सोडला तर हिरवट पाणी टेबलावरून थेट फरशीवर. दारात उभ्या शेजारणीने नाकाला रुमाल लावला. तिच्याच गाडीतून सगळे आले होते.

"खोकल्याच्या औषधाने पोर अशी गळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजी, यात दुसरं काही भरलं होतं का?"

"औषधच होतं हो," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

तीन वर्षांच्या संसारात बबडीच्या आईला एवढं कळलं होतं, की सासूबाई भिंतीकडे बघायला लागल्या की काहीतरी झाकायचं असतं. तिने ओढणीचं टोक नाकाशी नेलं. आंबट वासाच्या खाली लसणासारखा, रॉकेलसारखा उग्र दर्प. रविवारी गाद्यांना हाच येत होता. ढेकणाचं भलंमोठं चित्र असलेला तो डबा शेजारणीच्या नजरेला पडू नये म्हणून फेकून द्या, असं तिनेच सांगितलं होतं. बबडीच्या पाठीवरचे चावे म्हणजे घामोळं आहे, असंही याच शेजारणीला तिनेच सांगितलं होतं. सासूबाईंनी डबा फेकला. उरलेलं मात्र टाकवलं नसणार.

"आई, कसलं औषध?" तिने सासूबाईंना विचारलं.

"अगं, चारचौघांत काय ते..."

"ढेकणांचं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आमच्या घरात ढेकूण आहेत. गाद्यांवर मारून उरलेलं या बाटलीत भरलं होतं."

शेजारीण एक पाऊल मागे सरली. डॉक्टरीणबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काढलेलं इंजेक्शन बाजूला गेलं, दुसरं आलं. सगळ्यांनी हातमोजे चढवले. बबडीचे कपडे कापून पिशवीत बंद झाले, साबणाने तिचं अंग धुतलं गेलं. ओढणीही पिशवीत गेली, आणि आईला कोपरापर्यंत हात अन् मान धुवायला पाठवलं. औषधाचा डोस दर काही मिनिटांनी दुप्पट होत होता. बाहुल्यांकडे बघत बसू नका, छाती कोरडी व्हायला हवी, असं डॉक्टरीणबाई सिस्टरला सांगत होत्या.

तासाभराने बुडबुड थांबली. बबडीचे गाल लाल झाले, ओठ सुकले. आता तोंड कोरडं पडलंय, हेच हवं होतं, पण दोन दिवस श्वासावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागेल, असं कळलं. बबडीची आई स्टुलावर बसली.

बाहेर सासूबाई धाकट्या बहिणीला फोनवर सांगत होत्या की काही नाही गं, खोकल्याचं औषध जरा जास्त झालं.

बबडीची आई उठली. तिने फोन त्यांच्या कानावरून काढून घेतला.

"मावशी, ढेकणांचं औषध होतं. तुम्ही मागच्या महिन्यात आमच्या गादीवर झोपलात ना, तुमची बॅग उन्हात टाका."

तिने फोन परत दिला. तो तिच्या हाताच्या घामाने चिकट झाला होता, आणि सासूबाई तो पदराला पुसत राहिल्या.