कप्तानाचा उजवा पाय

माझ्या धाकट्या भावाने बस चालवायची सोडली, पण त्याच्या उजव्या पायाला ते कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना, टीव्हीसमोर, न्हाव्याच्या खुर्चीत, बाहेर कुठे टायर करकचला की तो पाय जमिनीत रुतायचा आणि जीव खाऊन ब्रेक दाबायचा. टेबलावरच्या बशा वाजायच्या. न्हावी एकदा म्हणाला, "साहेब, खुर्ची खिळवलेली आहे. कुठे जात नाही."

भावाला सगळे कप्तान म्हणतात. बस चालवताना तो जहाजावर असल्यासारखा ताठ बसायचा, म्हणून त्याच्या कंडक्टरने ठेवलेलं नाव. कंडक्टरला आम्ही सुट्टे म्हणतो, कारण त्याने हयातीत कुणाला सुट्टे दिले नाहीत. दोघांची जोडी आगारात प्रसिद्ध होती. दिवसभर भांडायचे आणि डबा एकाच बाकावर बसून खायचे.

गेल्या वर्षी टपालकचेरीच्या चौकात आडव्या रस्त्याने एक भरलेली लॉरी आली आणि बसच्या पुढच्या दारात घुसली. लॉरीचे ब्रेक गेले होते. प्रवासी मुका मार लागून सुटले. दाराशी उभ्या असलेल्या सुट्टेचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कप्तानला ओरखडासुद्धा नाही. माणसांचा जमाखर्च मनात मांडत बसायची मला खोड आहे, आणि मला ठाऊक होतं की तो न उठलेला ओरखडाच कप्तान रोज स्वतःच्या नावावर खर्ची टाकतोय.

चौकशीत निघालं की त्याने ब्रेक वेळेवर दाबला होता. रस्त्यावर टायरचे डाग होते. पण कप्तानला तेवढंच आठवत नव्हतं. हिरवा दिवा आठवत होता, लॉरीची काच आठवत होती, आणि त्यानंतर एकदम काचांचा खच. मधला तुकडा गायब.

"ताई, दाबलाच नसेल तर?" तो विचारायचा.

"डाग काय मांजराने पाडले?"

"डाग कुणाचेही असतील."

आम्ही मग त्याला जपायला लागलो. आमच्या घराण्यात जपायचं म्हणजे अर्धवट काही नाही. भावजयीने प्रत्येक दाराला कापडाच्या घड्या लावल्या. टीव्हीवर गाडी दिसली की कुणीतरी पुढे उभं राहायचं. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, त्यामुळे घरात माझ्याकडे बोलायला विषयच उरला नाही. माझ्या नवऱ्याने त्या काळाचा मनापासून आनंद घेतला.

कप्तानचं जग मात्र आकसत गेलं. आधी त्याने तो चौक सोडला, मग मोठा रस्ता, मग मागची गल्लीसुद्धा. शेवटी बाल्कनीच्या दारापर्यंत येऊन थांबायचा.

सुट्टेचा दर रविवारी फोन यायचा. त्याचं घर पुलापलीकडे, आणि पुलाकडे जायचा रस्ता त्याच चौकातून. कप्तान "बरा आहेस ना" एवढं विचारायचा आणि फोन माझ्या हातात कोंबायचा.

"ताई, त्याला पाठवा," सुट्टे म्हणायचा. "नवा पाय आलाय, बघून तरी जाऊ दे. शिवाय त्याला द्यायचं एक राहिलंय."

"माझ्याकडे दे, मी देते."

"ते तुम्हाला देण्यासारखं नाही."

मी हे कप्तानला सांगितलं. तो म्हणाला, "शिव्या घालायच्या असतील. हक्कच आहे त्याचा." आणि टेबलावर बशा वाजल्या. त्याला सुट्टेकडे जायचं होतं, मनापासून जायचं होतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शिव्या खायचीही तयारी होती. चौक ओलांडायची नव्हती.

शेवटी झोपेत दाबलेल्या एका ब्रेकने भावजयीची नडगी सुजली, तेव्हा ती त्याला हाताला धरून मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. सोबत मीही गेले. मला बोलावलं नव्हतं, पण तशी मी कुठेच बोलावल्यावर जात नाही.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आठवण साधारणपणे येते, बसते, आणि काही दिवसांनी आतल्या खोलीत जाऊन पडते. तुमची ही आठवण अजून दारातच उभी आहे. चपलासुद्धा काढलेल्या नाहीत. म्हणून ती जुनी वाटत नाही, आत्ता घडतेय असं वाटतं. टायर वाजला की पायाला वाटतं, लॉरी आली."

"म्हणजे मी वेडा नाही?"

"नाही. तुमचा पाय कामसू आहे आणि त्याला सुटी झाल्याचं कळलेलं नाही." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "घरचे यांना फार जपतात ना?"

"हो," आम्ही दोघी अभिमानाने म्हणालो.

"थोडं कमी जपा. रस्ता टाळला की त्या वेळेपुरतं बरं वाटतं. पण शरीर त्यातून शिकतं की रस्ता खरंच वाईट होता, टाळला म्हणून वाचलो. आपण हळूहळू उलटं शिकवू. घाई नाही, जबरदस्ती नाही, आणि मी सोबत आहे. गाडीत बसायचा विचार केला तर कुठे बसवेल?"

कप्तानने बराच विचार केला. "जिथे पायाखाली ब्रेक असेल तिथे. पण स्टिअरिंग नको."

आता अशी जागा जगात फार नाही. माझ्या स्कूलच्या गाडीत मात्र आहे. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणाऱ्याने घोळ घातला तर दाबायला. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसल्या. मी आगंतुक होते, ते फिटलं.

सुरुवात अंगणात झाली. बंद गाडी, शेजारची सीट, हातात वर्तमानपत्र. रोज सकाळी कप्तान तिथे बसून बातम्या वाचायचा. शेजारचे काका भिंतीवरून विचारायचे, "कुठे निघालात?"

"कुठेच नाही."

"बरं. पोचल्यावर कळवा."

मग इंजिन चालू करून बसणं झालं. त्या दिवसांत तो घामाने भिजून घरात यायचा आणि भावजय काही न विचारता टॉवेल द्यायची. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मी चालवत. एखाद्या आठवड्यात चार पावलं मागेही गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, मागे जाणंही यात धरलेलं आहे.

मग मी त्याला मशीनबाई दिली. ही आमच्या भागातली शिवणकाम करणारी बाई. शाळांचे गणवेश पोचवायला स्वतःची गाडी हवी म्हणून शिकायला आलेली. ती गाडीचं पेडल शिलाई मशीनसारखं मारायची, जोरात दाबून लगेच सोडायची, की गाडी टाके घालत पुढे जायची. माझ्या दोन शिक्षकांनी तिच्यापुढे हात टेकले होते. कप्तान आगारात नव्या चालकांना शिकवायचा, शिकवण्याचा परवाना त्याच्याकडे होताच. म्हटलं, त्याच्या पायाला ब्रेक दाबायचाय आणि हिच्या गाडीला ब्रेकची गरज आहे. असा सौदा रोज जुळत नाही.

पहिल्याच दिवशी तिने त्याचा पाय पाहिला. "मास्तर, तुमचा पाय घाबरतो का हो?"

"हो."

"माझाही घाबरतो. दोघं मिळून एक तरी पुरा ड्रायव्हर होईल."

महिना-दोन महिन्यांत झालाही जवळजवळ. आणि एका रविवारी सकाळी चहा पिता पिता कप्तान म्हणाला, "आज पुलापलीकडे जाऊ." भावजयीच्या हातातलं भांडं पडलं आणि दणदणीत वाजलं. त्याने नुसतं तिकडे बघितलं.

मशीनबाई चालवायला, कप्तान शेजारी, मी मागे. चौकात दिवा हिरवा होता. आडव्या रस्त्यावर एक लॉरी उभी होती, अगदी साधी, तिच्या लाल दिव्याला थांबलेली. आम्ही चौकाच्या मधोमध आलो आणि कप्तानच्या पायाने ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. कप्तान पांढरा पडला, श्वास वरच्या वर. मी पुढे वाकले, पण डॉक्टरबाईंनी शिकवलेलं त्याचं त्यालाच आठवलं. आत्ता जे दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं.

"टपालकचेरी," तो म्हणाला. "पिवळी भिंत. कबुतर."

मशीनबाईला वाटलं हा धडाच आहे. "कबुतराकडेही बघायचं असतं?"

"बघायचं."

"मला नाही दिसत."

"खिडकीच्या वर. छज्ज्यावर."

"हां, दिसलं."

"लॉरी," कप्तान म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, "लॉरी उभी आहे."

"उभीच आहे की. तिला लाल आहे."

हॉर्न वाढले. मशीनबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मागे शिकाऊची पाटी आहे, वाचता येत नाही का? आमचं कबुतर चाललंय."

त्यावर कप्तान हसला. बारीकच हसला, पण श्वास खाली उतरला. "न्यूट्रल करा," तो मास्तरच्या आवाजात म्हणाला. "किल्ली फिरवा. हळू सोडा, गणवेश नाही शिवायचाय." आणि आम्ही पुलावर आलो.

सुट्टे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दारातच बसला होता, नवा पाय सगळ्या गल्लीला दिसेल असा.

"उशीर केलास."

"चौकात गाडी बंद पडली."

"परत त्याच चौकात? दुसरा चौक मिळत नाही का तुला?"

आम्ही आत बसलो. चहा आला. कप्तान कपाकडे बघत म्हणाला, "मला ते आठवत नाही. मी ब्रेक..."

"दाबलास की," सुट्टे म्हणाला. "मला विचार ना. मी दाराशी पुढे तोंड करून उभा, तू दाबलास आणि मी दांडीवर तोंडावर आपटलो. हा दात बघ. तुला सणसणीत शिवी घालायला तोंड उघडलं आणि मग धडक बसली. आधी दात, मग धडक. ब्रेक न दाबता माणूस पुढे आपटतो होय?"

कप्तान त्या अर्ध्या तुटलेल्या दाताकडे बघत राहिला. टायरच्या डागांवर त्याचा विश्वास बसला नव्हता. या दातावर बसत होता, ते मला दिसत होतं.

"वर्षभर सांगितलं का नाहीस?"

"फोन हातात धरशील तर ना. आणि ती शिवी तोंडातच राहिलीये. असली शिवी फोनवर देत नाहीत."

"मग दे आता."

सुट्टेने ती दिली. इथे लिहिण्यासारखी नाही. तिच्यात कप्तानच्या दोन पिढ्या, बसचा गिअर आणि एक म्हैस होती. मशीनबाईने कप खाली ठेवून दाद दिली. कप्तान डोळे पुसेपर्यंत हसत होता, आणि पुसून झाल्यावरही पुसत होता.

बाहेर एका स्कूटरने करकचून ब्रेक मारला. टेबलावर बशा वाजल्या.

"अजून दाबतो?" सुट्टेने विचारलं.

"दाबतो. पूर्वीइतका नाही."

"माझा तर नसून खाजतो. या नव्याला खाजवून बघितलं, उपयोग नाही. दोघांच्या पायांना अजून निरोप पोचायचाय." मग तो म्हणाला, "पुढच्या रविवारी ये. मधे येणार असशील तर तसाही ये."

परत येताना चौकात आम्हाला लाल दिवा लागला. मशीनबाईने आपणहून ब्रेक दाबला, कप्तानच्या पायानेही दाबला, आणि गाडी रेघेवर सुबक उभी राहिली. मशीनबाईने मान उंचावून छज्ज्याकडे बघितलं. तिला धडा आवडला असावा.

"कबुतर गेलं," ती म्हणाली.

कप्तानने आडव्या रस्त्याकडे बघितलं, शांतपणे, जरा वेळ लावून.

"लॉरीही गेली," तो म्हणाला.