तिसऱ्या पायरीवरचा ओघळ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. घडीची, नऊ पायऱ्यांची, आणि माणसांना वरून-खालून दोन्हीकडून पाहिलेली.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने सुताराच्या डोक्यावर बसून मला करून घेतलं. तीस वर्षं तो माझ्यावर उभा राहून अक्षरं काढायचा आणि खाली त्याची मुलगी मला धरून उभी असायची. काम संपलं की तो ओल्या फडक्याने माझी एकेक पायरी पुसायचा. "शिडी घाण ठेवणाऱ्याच्या हातात मी ब्रश देणार नाही," असं तिन्ही मुलांना दटावायचा. मुलीने ते ऐकलं. थोरल्याने ऐकल्यासारखं केलं. धाकटा अक्षराची कड साफ काढायला शिकला, पण पुसायची वेळ आली की पसार.

पुढे पेंटर अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याचं सगळं मुलीने केलं. भाऊ फोनवरून काळजी करायचे. काळजीला काय, ती बसल्या जागी करता येते.

तो गेल्यावर घर तिघांच्या नावावर झालं आणि काळजीवाले दोघेही धावत आले. धाकटा म्हणाला, "घर मीच घेतो. घरातलं घरात राहील." भाव मात्र बाजाराच्या निम्मा. का, तर म्हणे भिंती ओलावल्या आहेत. थोरला लगेच हो म्हणाला. वाद टळणार असेल तर हा गृहस्थ स्वतःचं नाकही कापून देईल. वर बहिणीलाच शहाणपण शिकवलं, "सख्ख्या भावाशी कसली घासाघीस करतेस, ताई?"

ताईला स्वतःची एक खोली घ्यायची होती. पुऱ्या भावात तिचा वाटा त्या खोलीपुरता होता. निम्म्या भावात जेमतेम दारापुरता.

"कुठंय ओल? मी इथेच राहते, मला नाही दिसली," ती म्हणाली.

"गुरुवारी किंमत ठरवणारा माणूस येतोय, त्याला दिसेल," धाकटा म्हणाला.

बुधवारी ताई कामावर गेली आणि धाकटा आपल्या किल्लीने आत शिरला. त्याने मला उघडलं, डब्यात काव आणि पिवडी हे मातीचे रंग पातळ कालवले आणि छताच्या कोपऱ्यात चक्क ओलीचा डाग रंगवायला घेतला. बापाने जो हात धरून अक्षरं गिरवून घेतली, तोच हात! मला शिसारी आली. वाटलं, पाय पसरावेत आणि आपटावं याला. पण मी पेंटरची शिडी आहे, चढलेल्याला पाडत नाही. डाग झाल्यावर त्याने सवयीने त्याची कड साफ केली, मान वाकडी करून स्वतःचं काम पाहिलं आणि खूश होऊन निघून गेला. मला पुसलं नाही. जन्मात कधी पुसलं होतं?

गुरुवारी किंमत ठरवणारा आला. वर पाहून तो चुकचुकला. थोरला त्याच्याहून मोठ्याने चुकचुकला. ताई मात्र माझ्याकडे पाहत होती. माझ्या तिसऱ्या पायरीवर रंगाचा ताजा ओघळ होता. तिने तो नखाने खरवडला, मग छताकडे पाहिलं आणि फडकं भिजवून आणलं.

"ताई, चढू नकोस, तुझे गुडघे दुखतात," धाकट्याला एकदम माया फुटली.

"शिडी धर," ती थोरल्याला म्हणाली.

थोरल्याने मला धरलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कशाच्या तरी उपयोगी पडला. ताईने वर जाऊन फडकं फिरवलं आणि अख्खी ओल फडक्यावर आली.

"ओल अशी साफ कड धरून येत नाही रे," ती वरूनच म्हणाली. "ही बाबांनी शिकवलेली कड आहे."

"अगं, घरचाच माणूस म्हणून मी..."

"घरचा माणूस म्हणून तोंडाने मागायचंस. मी माझ्या वाट्यातलं सोडलं असतं तुला. आता नाही. आता पुरा भाव."

थोरला यालाही लगेच हो म्हणाला.

घर बाहेरच्या माणसाने पुऱ्या भावात घेतलं. ताईने जुन्या घरातून मला एकटीला आपल्या खोलीत आणलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्या पायऱ्या पुसल्या. तिसरीवरचा ओघळ तेवढा ठेवला. खरवडला तर लाकूड जाईल, म्हणते. खरं कारण तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

तर मित्रांनो, काम झालं की शिडी पुसून ठेवत जा. आणि बापाला दाखवायची लाज वाटेल असं काम असेल, तर माझ्यावर चढूच नका.