पहिला चीक

गाय सकाळी सातला व्याली, आणि नऊच्या आत माझी नि सुनेची दोनदा जुंपली.

आमच्या घरात गायीची वार, म्हणजे वासरामागून येणारी जार, पडल्याशिवाय वासराला चीक पाजत नाहीत. मला सासूनं शिकवलं, मी निकिताला. पण निकिता पडली डॉक्टरांना फोन लावणारी.

"आत्या, डॉक्टर म्हनत्यात वारीची वाट बघू नका. उशीर झाला तर वासरू जायचं."

"तुझ्या डॉक्टरनं किती गायी सांभाळल्यात गं? चाळीस वर्सं मी काय गवऱ्याच थापल्या व्हय?"

नुकती झालेली कालवड दावणीपासून लांब पोत्यावर पडली होती. आधी मान उचलायची, नंतर तेही सोडलं. कानाला हात लावला तर गार. पण माघार घेईन तर मी चांगुणा कसली! घरात गेले, देवापुढं डोळे मिटून बसले. म्हटलं, खंडेराया, वार पाड, वासरू वाचव.

गाय हंबरली तशी उठून गोठ्यात आले. निकितानं कालवड उचलून गायीच्या तोंडाशी ठेवली होती.

"मी पाजलं न्हाई, आत्या. नुसतं जवळ ठेवलंय."

गाय तिला खसाखसा चाटत होती. कालवड धडपडत उठली, तोंडावर पडली, पुन्हा उठली. चारी पाय लटलटत होते. तिला मागं ओढायला मी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. तिनं गायीचे पुढचे पाय हुंगले, पोट हुंगलं, मागं सरकत कासेला ढुशी दिली आणि सड तोंडात धरला. शेपटी हलायला लागली.

दोन तासांपूर्वी ती पोटात होती. उजेड पाहिला नव्हता, कास पाहिली नव्हती. कुणी सांगितलं तिला, इकडं जा म्हणून? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी घरात डोळे मिटून ज्याला हाका मारत होते, तो इथं माझ्या डोळ्यांसमोर उभा होता, आणि मी त्यालाच मागं ओढायला निघाले होते. मी तिथंच शेणात बसले. डोळ्यांना धार लागली.

बऱ्याच वेळानं वारही पडली. निकिता हळूच म्हणाली, "आत्या, देवाला वाटीभर चीक काढू का?"

"थांब गं," मी म्हणाले. "देव पितोय तिथं. पोट भरू दे त्याचं."