सहा दिवस शिजलेला डॅक

फुंग वाइहाँगच्या दिवाणखान्यात दोन स्पीकर एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून जाड रजईखाली झोपवलेले होते. रजईतून दिवसभर बारीक खरखर यायची. पाहुणे आले की दारातच आवाज खाली करून विचारायचे, "आजारी कोण आहे?"

"माझा नवरा," फुंगची बायको युकलिंग सांगायची. "पण तो स्वयंपाकघरात आहे."

ग्वांगझूत आवाजाच्या वेडाला ताप म्हणतात आणि ज्यांना तो चढतो त्यांना तापकरी. फुंग लिफ्टच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात त्याला ताप चढला. स्पीकर त्याचे जुनेच होते, चांगले होते. अ‍ॅम्प्लिफायर शेजाऱ्याने घर सोडताना देऊन टाकला होता. राहिला फक्त डॅक, म्हणजे फोनमधल्या गाण्याचे आकडे घेऊन त्यांचा आवाज करून देणारी, साबणाच्या वडीएवढी पेटी. पाचशे युआनच्या आत अशा दहा-बारा बऱ्या पेट्या मिळतात. शहाणा माणूस त्यातली एक दुपारच्या जेवणाआधी घेऊन मोकळा होतो. फुंग वसंतापासून निवडत होता आणि आता चंद्रोत्सव तोंडावर आला होता.

कारण साधं होतं. तापकऱ्यांच्या मते नवा डॅक कच्चा असतो. तो सूपसारखा मंद आचेवर शिजवावा लागतो. म्हणजे त्यातून नऊ दिवस अखंड खरखर वाहू द्यायची. मग आतले भाग सैलावतात आणि आवाजाला गोडी येते. त्याआधी मत देणं म्हणजे कमळकाकडीचं सूप उकळी फुटायच्या आत चाखणं. ऑनलाइन दुकानाचा नियम मात्र असा, की घेतलेली वस्तू काही कारण न देता परत करायला सातच दिवस मिळतात.

नऊ आणि सात यांच्या मधल्या फटीत फुंग अडकला होता. सहाव्या दिवशी तो रजई काढी, स्पीकर सरळ करी, डोळे मिटून ऐके. पेटी कच्ची लागे. पुढे ठेवावी तर ती शिजून वाईट निघाल्यास गळ्यात पडणार. परत करावी तर शिजल्यावर ती कशी झाली असती हे कधीच कळणार नाही. तो परत करी आणि दुसरी मागवी. परत करण्यापूर्वी पेटीच्या एका रबरी पायाखाली युकलिंगच्या नखांच्या लाल रंगाचा ठिपका देई, दुकानाने तीच पेटी नवी म्हणून पुन्हा आपल्या माथी मारू नये म्हणून.

युकलिंगने वसंत सोसला, उन्हाळा सोसला. मग एका सकाळी तिने कोहळा चिरता चिरता त्याला लौ, म्हणजे म्हाताऱ्या, अशी हाक मारून निकाल दिला.

"लौ फुंग, उत्सवाच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत या घरात एकच पेटी पाहिजे आणि रजई कपाटात पाहिजे. नाहीतर तुझ्या स्पीकरच्या जागी माहजाँगचं टेबल येईल. मी बयाणा देऊन आले आहे."

"साधं टेबल ना?"

"विजेवर चालणारं. सोंगट्या आपोआप पिसणारं."

फुंगने ते टेबल एका लग्नघरी ऐकलं होतं. पत्र्याच्या डब्यात खडी घालून तो जिन्यावरून सोडावा तसा आवाज. त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीसमोर! त्याने सुरी खाली ठेवायची खूण केली.

"लिंग, समजून घे. सात दिवसांत शिजत नाही ते."

"मग नऊ दिवस ठेव. नाही आवडली तर वापरलेली म्हणून विकून टाक."

"कोणी तरी शिजवलेली पेटी कोण घेईल?"

"तू घेशील!" युकलिंग म्हणाली. "अख्ख्या शहरात तूच एकटा घेशील."

फुंग उभाच राहिला. बायको त्याला वेडा म्हणत होती हे त्याला समजलं होतं, पण त्यातली बातमी त्याने वेगळी केली. त्याने परत केलेल्या पेट्या दुकान फेकून थोडंच देत होतं? त्या पुन्हा विकल्या जात होत्या. आपल्याला चुकून दुसऱ्याने शिजवलेली पेटी मिळाली तर उरलेले तीन दिवस सहज निघतात! त्याने तिथेच ओल्या हाताने दुकानाच्या मदत कक्षात विचारणा केली. तिथली मुलगी सगळ्या गिऱ्हाइकांना जिवलग म्हणायची.

"जिवलग, काय सेवा करू?"

"मला ही पेटी हवी आहे, पण कोणीतरी परत केलेली."

"जिवलग, आम्ही फक्त नवा माल विकतो."

"नवा नको."

"जिवलग, नवा का नको?"

"नवा कच्चा असतो."

"जिवलग, तुमची तक्रार मी वरिष्ठांकडे पाठवली आहे."

फुंगने नशिबावर हवाला ठेवला आणि वसंतात सगळ्यात आधी परत केलेलाच डॅक पुन्हा मागवला. पेटी आली ती मेणकागदात गुंडाळून, वरची फीत सरळ, सगळं कसं कोरं. त्याने पेटी उलटी केली आणि चिमट्याने रबरी पाय उचलले. पहिल्याखाली लाल ठिपका. त्याचाच! दुसऱ्याखाली निळ्या शाईची बरोबरची खूण. तिसऱ्याखाली पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा. चौथा पाय स्वच्छ.

म्हणजे त्याच्यासारखे आणखी दोघे होते. तेही शिजवत होते, तेही ठिपके ठेवत होते. त्याचे सहा दिवस, निळ्याचे सहा, पिवळ्याचे सहा. पेटी नुसती शिजलेली नव्हती, मुरलेली होती. फुंगने स्पीकर सरळ केले आणि फोनवर तंतुवाद्यांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. पहिल्याच सुराला त्याच्या अंगावर काटा आला. काटा पुरा उभा राहायच्या आत मनात शंका आली: ही इतकी चांगली असेल तर तिघांनी परत का केली?

त्याने स्वतः ती कच्ची म्हणून परत केली होती, ते ठीक. पण निळ्याच्या हाती ती तिसऱ्याच दिवशी शिजली होती आणि पिवळ्याला तर शिजलेलीच मिळाली होती. पिवळ्याने शिजलेली पेटी ऐकून परत केली म्हणजे ती वाईट होती का? की तो बहिरा होता? फुंगने सहा दिवस यावर विचार केला. त्या काळात रजई पुन्हा स्पीकरवर गेली. "एकदा शेवटचं," असं तो युकलिंगला म्हणाला.

उत्सवाच्या आदल्या दिवशी, पेटी परत करण्याच्या शेवटच्या तारखेला, त्याने स्याम सिफूंना बोलावलं. स्याम गल्लीतला जुना तापकरी, एकेकाळी नाट्यगृहाचा ध्वनिव्यवस्थापक. सगळे त्याला सिफू, म्हणजे गुरुजी म्हणायचे. वस्तू परत करणाऱ्यांवर त्याचा राग होता. "ताप खरा असेल तर माणूस पेटीशी संसार करतो," तो म्हणायचा. "सहाव्या दिवशी सोडचिठ्ठी देत नाही."

पाच वाजता कुरियरवाला पेटी न्यायला येणार होता आणि साडेपाचला टेबल. स्याम उत्सवाच्या गोड मूनकेकचा लाल डबा घेऊन साडेचारला आला. त्याने चहा घेतला, चष्मा काढला, मान मागे टाकली आणि ऐकलं. सूर संपला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जेवण झाल्याची शांती होती.

"शिजलंय," तो म्हणाला. "चांगलं शिजलंय. बघू, कोणतं आहे?"

फुंगने पेटी हातात घेतली.

"जपून," स्याम म्हणाला, "मागचा डावा पाय सैल आहे."

फुंगने हळूच पेटी उलटी केली. मागचा डावा पाय सैलच होता. त्याखाली निळी खूण होती.

"सिफू, तुम्हाला कसं माहीत?"

"अंदाज. अशा पेट्यांचे पाय..." स्यामचे कान मूनकेकच्या डब्याइतके लाल झाले.

"संसार करतो म्हणे माणूस!"

"तुझ्या लाल ठिपक्याचं काय? मी पाय उचलला तेव्हाच म्हटलं, कोणी बाई आहे का तापकऱ्यांत?"

फुंगने आयुष्यात पहिल्यांदा सिफूला एकेरीवर आणलं. "लौ स्याम, खरं सांग. का परत केलीस? वाईट होती?"

"वाईट कसली? माझ्या कानाला जरा कच्ची लागली. म्हटलं, पुढचा कोणीतरी पुरी करेल, मग मागवू. परत आली का हे रोज दुकानाच्या पानावर बघत होतो. तू मध्येच उडी मारलीस!"

फुंगच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी दुसरं चढलं, कारण स्याम पेटीकडे हात पुढे करत होता.

"यात माझे सहा दिवस आहेत. माझी वीज आहे. परत कर, मी लगेच मागवतो."

"पहिले सहा माझे! तू नुसतं गरम केलंस."

"शेवटच्या आचेवरच चव येते, कुणालाही विचार!"

"शेवटची आच पिवळ्याची आहे," फुंग म्हणाला आणि त्याने तिसऱ्या पायाखालची चिकटपट्टी दाखवली.

हा तिसरा वाटेकरी दोघांनाही एकदम बोचला.

"हा पिवळा कोण?" स्यामने कुजबुजत विचारलं. "त्याने हिला काय ऐकवलं असेल? नाचाची गाणी असतील!"

"आणि मी आज परत केली," फुंग म्हणाला, "तर तुझ्याआधी तोच मागवेल. तो पण रोज बघत असणार."

दारावर घंटी वाजली. कुरियरवाला होता. त्याच्या मागेच, वेळेआधी पोहोचलेले दोन हमाल पुठ्ठ्यात बांधलेलं चौकोनी टेबल घेऊन जिन्यात धापा टाकत होते. युकलिंग स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"परत करायची पेटी?" कुरियरवाल्याने विचारलं.

"नाही," फुंग आणि स्याम एकाच वेळी म्हणाले. दोघांनी पेटीची एकेक कड धरली होती. कुरियरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि तो हमालांच्या बगलेतून वाट काढत खाली गेला.

"निवडली?" युकलिंगने विचारलं.

"निवडली," फुंग म्हणाला. "ही. पण यात स्यामचा वाटा आहे."

"अर्धा," स्याम म्हणाला. "मी रोज संध्याकाळी ऐकायला येणार."

"रोज?"

"सहापासून नऊपर्यंत."

युकलिंगने स्यामकडे पाहिलं, मग फुंगच्या खुर्चीशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे आणि मग दारातल्या हमालांकडे. तिने फोन उचलला.

"आ-मेई," ती स्यामच्या बायकोला म्हणाली, "तुझ्या घरातले ते चार कपाटाएवढे स्पीकर आहेत ना, त्यांच्याजवळ उद्यापासून सहा ते नऊ कोणी बसणार नाही. हो, अगदी नक्की. तो इथे असेल. मग मधली जागा किती मोकळी होते? चार माणसं बसतील एवढी? थांब, मी टेबल पाठवते." पलीकडून ओरडल्याचा आवाज आला, तो आनंदाचा होता हे सगळ्यांना कळलं. "आणि चहा ठेव. मी हमालांच्या मागेच येते."

"माझ्या खोलीत?" स्याम म्हणाला. "युकलिंग, माझ्या स्पीकरसमोर ते खडखडणारं..."

"अर्धा वाटा हवा ना?" युकलिंग म्हणाली आणि हमालांना पत्ता सांगत जिना उतरली.

घर शांत झालं. फुंगने रजई उचलून कपाटात घडी करून ठेवली. स्याम मिटल्या डोळ्यांनी दुसऱ्या खुर्चीत टेकला होता, आणि त्याच्या खोलीतल्या टेबलाचा विचार न करण्याचा प्रयत्न करत होता. फुंगने पुन्हा तेच ध्वनिमुद्रण लावलं. त्याची खोली, त्याची खुर्ची, त्याची निम्मी पेटी. सूर स्वच्छ उमटला. आता त्याला कोणी काही परत करायला सांगणार नव्हतं आणि काही शिजायचं बाकी नव्हतं.

स्यामने कपाळाला आठी घातली. मान तिरकी केली.

"काय झालं?" फुंगने विचारलं.

"काही नाही. तू हे सहा दिवस परत रजईत घातलं होतंस का?"

"हो. खात्री म्हणून."

स्यामने आणखी दोन सूर ऐकले.

"वरच्या पट्टीत," तो म्हणाला, "जरासं जास्त शिजलंय."